शेजारचा बंद वाडा पडायला आलाय, मालक अकरा आणि गावात एकही नाही - मदत हवी आहे

मंडळी, जरा अर्जंट आहे, पाऊस लागायच्या आत काहीतरी व्हायला पाहिजे म्हणून लिहितोय. आम्ही कोल्हापुरात शुक्रवार पेठेत राहतो, घराला लागून एक जुना दुमजली वाडा आहे, खाली दगड, वर पांढऱ्या मातीच्या भिंती, कौलारू. 2019 ला आणि परत 2021 ला पंचगंगेचं पाणी गल्लीत आलं तेव्हा खालच्या भिंती पाण्यात भिजत पडल्या आणि त्यानंतर कुणी दार उघडून पण बघितलं नाही. आता मधली तुळई मोडून कौलं आत बसलीत, वरच्या भिंतीत पिंपळ एवढा वाढलाय की गल्लीतली पोरं डिलिव्हरीवाल्याला तीच खूण सांगतात. आमची त्यांची भिंत सामाईक, तिनं आमच्या बाजूला पोट काढलंय आणि तिला लागूनच आईची खोली. आईला पुढच्या खोलीत हलवलंय पण ती रात्री परत तिथंच जाऊन झोपते, तो विषय वेगळाच.

मालकांचं म्हणाल तर घरफाळ्याचं बिल अजून त्यांच्या आजोबांच्या नावानं येतंय, ते वारून जमाना झाला. सिटी सर्व्हेतनं प्रॉपर्टी कार्ड काढलं तर अकरा वारस. पुण्याचे काका फोन उचलतात, गोड बोलतात, "तुम्हीच बघा की जरा" म्हणतात, पण सही म्हटली की धाकट्या भावाकडं बोट, आणि भाऊ म्हणतो वाटणीचा दावा चालू आहे, मी हात लावला तर उद्या माझ्यावर येईल. एकजण अमेरिकेत. यातलं कुणी वाईट नाही ओ, त्यामुळं भांडायचं तरी कुणाशी. मला तर वाटतं जागेचा भाव वाढतोय तोवर वाडा आपोआप पडला तर त्यांना बरंच आहे, पाडायचा खर्च वाचला.

रस्त्याकडच्या गाळ्यात जुनं कूळ आहे, दुकान कायम बंद, पण हक्क जाऊ नये म्हणून भाडं वेळेवर.

तर मालकाच्या सहीशिवाय महापालिका काही करू शकते का? आणि मी माझ्या खर्चानं टेकू लावले तर उद्या जागेत घुसला म्हणून माझ्यावरच केस करतील का?

पेठेतला_वकील
सही लागत नाही. महापालिका अधिनियमाचं कलम 264 बघा, पडायला आलेलं बांधकाम पाडा, दुरुस्त करा किंवा सुरक्षित करा अशी नोटीस आयुक्त काढू शकतात आणि ती मालकाला किंवा भोगवटादाराला, म्हणजे जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याला. म्हणजे अकरा जण सापडले नाहीत तरी तुमचं कूळ आहेच की गावात. मालक मिळत नसेल तर नोटीस वाड्यावर चिकटवता येते. अर्जात "धोकादायक इमारत" हे शब्द, प्रॉपर्टी कार्डाची नक्कल, फोटो, आणि आवक नंबर घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. शिवाय प्रांताधिकाऱ्यांकडं बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 152 खाली अर्ज करता येतो, पूर्वीचं सीआरपीसी 133. पडायला आलेली इमारत त्यात स्पष्ट लिहिलेली आहे. वाटणीचा दावा चालू आहे म्हणून यातलं काही अडत नाही.

गवंडीकाम
टेकू तुमच्या घरात, तुमच्या बाजूनं लावायला कोण अडवतंय? पण इंजिनिअरला विचारून लावा, मातीच्या भिंतीला चुकीच्या जागी रेटा दिला तर ती पलीकडं जाते. भेगेवर आडवी काचेची पट्टी प्लास्टरनं चिकटवा, तारीख लिहा. पट्टी तडकली तर भिंत अजून हलतेय, मग त्या खोलीत कुणी पाय ठेवायचा नाही. पिंपळ उपटायला जाऊ नका, मुळाबरोबर दगड निघतात.

कोल्हापूरकर_७७
सगळ्यात आधी आईच्या खोलीला कुलूप लाव भावा. बाकी कलमं नंतर.

धागाकर्ता
कुलूप लावलं, दोन तास शिव्या खातोय. भोगवटादाराचं डोक्यातच नव्हतं आलं, कुळाचं घर मला माहिती आहे, ते पण अर्जात घालतो आणि सोमवारी आवक करून घेतो. जुन्या मातीच्या भिंतीचं काम कळणारा इंजिनिअर कुणाच्या ओळखीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, नुसता आरसीसीवाला नको.