'काही लागलं तर सांगा' म्हटलं, पण ते सांगतच नाहीत

वाटसरू:
आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका घरात भाऊंची नोकरी गेली आणि त्याच महिन्यात ताईंचं ऑपरेशन झालं. आम्ही चार-पाच जणी भेटायला गेलो, प्रार्थना केली, निघताना मी 'काही लागलं तर हक्काने सांगा' म्हटलं, त्याला तीन आठवडे झाले, एक फोन नाही. ओढाताण चाललीये हे दिसतंय, पण आपणहून काही केलं तर त्यांना ओशाळल्यासारखं होईल का?

सांजवात:
ते नाही सांगणार. मी पण नव्हतं सांगितलं. माझे मिस्टर गेले तेव्हा मोबाईलवर बायबलची वचनं खूप आली, पण आठवते ती चर्चमधली एक मावशी, आली, पदर खोचला आणि सिंकमधली दोन दिवसांची खरकटी भांडी घासून टाकली, मग नुसती शेजारी बसून राहिली. बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्रसुद्धा आधी सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते, तेवढंच त्यांचं बरोबर होतं, बोलायला लागले आणि सगळं बिघडलं. मावशी तिसऱ्या महिन्यातही यायची, तोवर बाकी सगळे आपापल्या कामाला लागले होते. तुम्ही विचारू नका, 'मंगळवारी डबा आणते', 'ड्रेसिंगला मी सोबत येते' असं थेट सांगा, म्हणजे त्यांना फक्त हो म्हणायचं उरतं.

पायवाट:
+१. येशूच्या दाखल्यात लुटारूंनी मारलेल्या वाटसरूला मदत करणाऱ्या परक्या शोमरोनी माणसाने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं, पण दुसऱ्या दिवशी त्याने उतारशाळेवाल्याला दोन दीनार दिले, म्हणजे तेव्हाची मजुराची दोन दिवसांची मजुरी, आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देतो असंही म्हणाला. मला तो पुढचा हिशोब जास्त भिडतो. पैसे द्यायचे तर बंद पाकिटात द्या, कुठे बोलू नका. आणि प्लीज, त्यांना न विचारता 'प्रार्थनेचा विषय' म्हणून नाव ग्रुपवर टाकू नका, आमच्याकडे तसं झालं आणि ते कुटुंब चर्चला यायचंच थांबलं, तो मेसेज पुढे पाठवणाऱ्यांत मी पण होतो, अजून टोचतं ते.

वाटसरू:
खूप आभार दोघांचे. ग्रुपवर टाकायचंच चाललं होतं, थांबवलं. ताईंना मेसेज केला की उद्यापासून मुलांना शाळेतून मी आणते. लगेच उत्तर आलं, 'धाकट्याची साडेबाराला सुटते'.