मदत हवी आहे: मेटाडेटातली गावांची नावं विभक्ती प्रत्ययांसकट कशी पकडावीत?

पुणे परिसरातल्या जमिनीच्या जुन्या पीडीएफ आणि वर्ड फायली आहेत. अपाचे टिका (फायलींतून मजकूर आणि मेटाडेटा, म्हणजे फायलीसोबत साठवलेली माहिती, काढणारं साधन) वापरून शीर्षक, विषय आणि कीवर्ड ही तीनच फील्ड काढतो आणि स्पेसी या पायथनच्या भाषा-प्रक्रिया लायब्ररीतल्या एंटिटी रूलरकडे (यादी किंवा नियमांवरून नावं ओळखणारा भाग) देतो. लेखकाचं फील्ड वगळलंय, तिथे बहुतेक 'अ‍ॅडमिन' असतं. जुन्या फॉन्टमधला मजकूर आधीच युनिकोडमध्ये आणलाय, एनएफसीही (एकच अक्षर नेहमी एकाच कोडक्रमात लिहिणं) केलंय. स्पेसीत मराठीसाठी प्रशिक्षित मॉडेल नाही, म्हणून मराठीची रिकामी 'एमआर' पाइपलाइन (फक्त शब्द सुटे करणारी) आणि गावांची यादी.

'हडपसर' सापडतं, 'हडपसरमधील' सुटतं. रेजेक्सने (अक्षरांचा नमुना शोधण्याची पद्धत) नुसती सुरुवात जुळवली तर 'वाकड' हे 'वाकडेवाडी'तही लागतं. शब्दसीमेची खूण लावूनही तेच, कारण पायथनचं साधं रेजेक्स मात्रेला अक्षर मानत नाही आणि 'ड'नंतरच शब्द संपला असं धरतं.

आता रूलरच्या आधी एक कंपोनंट लावून प्रत्यय काढलेलं रूप टोकनच्या (सुट्या शब्दाच्या) नॉर्ममध्ये, म्हणजे जुळवणीसाठीच्या वेगळ्या रूपात, ठेवतो आणि रूलर नॉर्मवर जुळवतो. मूळ मजकूर तसाच राहतो, त्यामुळे ऑफसेट (नावाची मजकुरातली जागा) हलत नाहीत, ते हवेतच. यादीतली नावंही याच कंपोनंटमधून जातात. तरी 'खडकवासला'चा 'ला' प्रत्यय समजून कापला जातो, आणि 'खडकवासल्यात'मधून 'खडकवासल्या' उरतं. दोन्ही जुळत नाहीत. 'पुणे' आणि 'पुण्यात'चंही तेच.

कागद बाहेर पाठवता येत नाहीत, त्यामुळे क्लाउड सेवा नको, जीपीयूही नाही.

प्रत्येक गावाचं सामान्यरूप (प्रत्ययाआधी होणारं रूप, जसं 'पुण्या') यादीत हाताने भरावं, की ते नियमाने तयार करणारं, ऑफलाइन चालणारं मराठी साधन कोणी वापरलंय? वापरलं असेल तर 'ला'ने संपणारी नावं त्यात कशी सांभाळलीत?