शब्दचर्चा : ‘अमॉर्फस’ला मराठीत ‘अनाकार’ की ‘अस्फटिकी’? आणि काचेतून उष्णता नेमकी काय करते? (बोलणाऱ्यांची नावं कोल्हापुरातल्या भागांवरून.)

राजारामपुरी : बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकासाठी मराठी टिपण करतोय. ‘अनाकार घनपदार्थांतील उष्णता संवहन’ हे शीर्षक चालेल का?

सागरमाळ : दोन्ही शब्द बदला सर. काच अनाकार असेल तर लोणच्याची बरणी कशाची म्हणायची? अणूंच्या पातळीवरही ‘अनाकार’ खोटाच ठरतो. वितळवून गोठवलेल्या सिलिकात (सिलिकॉन-ऑक्सिजनचं संयुग) प्रत्येक सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन असतात, अंतर १.६ अँगस्ट्रॉम, अगदी क्वार्ट्झसारखंच, म्हणजे सिलिकाच्या स्फटिकासारखंच. फरक पुढे पडतो. दोन चौकड्या जोडणारा कोन जागोजागी थोडा वेगळा येतो, त्यामुळे तीच मांडणी लांबवर पुन्हा पुन्हा येत नाही. शेजार शिस्तीत, गाव विस्कळीत. म्हणून ‘अस्फटिकी’ बरा, तो जे नाही तेवढंच नाकारतो.

‘संवहन’ही टाळा. हिंदी पुस्तकांत त्याचा अर्थ कन्व्हेक्शन, आणि पोरं दोन्हीकडची पुस्तकं वाचतात. शाळेतलं वहन (कंडक्शन), अभिसरण (कन्व्हेक्शन), प्रारण (रेडिएशन) हेच सरळ आहे.

शिरोली एमआयडीसी : फौंड्रीतही हा गोंधळ आहे ओ. साच्याची ‘सिलिका वाळू’ म्हणजे क्वार्ट्झ, स्फटिकी. ५७३ अंश सेल्सिअसला तिची रचना बदलते, दाणा फुगतो, साच्याला भेगा जातात आणि ओतकामावर शिरा उठतात. इन्व्हेस्टमेंट कास्टिंगच्या शेलमध्ये (मेणाच्या नमुन्याभोवती चढवलेल्या कवचाच्या साच्यात) वापरतात ती ‘फ्यूज्ड सिलिका’ मात्र अस्फटिकी, तिचं प्रसरण नगण्य. पण तीही ११०० अंशांच्या वर फार वेळ राहिली की तिच्यात क्रिस्टोबलाइटचे (सिलिकाच्याच दुसऱ्या स्फटिकी रूपाचे) स्फटिक उगवतात. थंड होताना ते एकदम आकसतात आणि शेल तडकतं. म्हणजे पोत्यावरचं ‘अस्फटिकी’ भट्टीनंतर खरं राहीलच असं नाही.

आणि साचा उष्णता कमी वाहतो तो अस्फटिकी म्हणून नव्हे. दाण्याला दाणा टेकतो तो ठिपक्याएवढाच, मधे हवा. ही दोन कारणं टिपणात एकत्र करू नका.

राजारामपुरी : बरोबर. मग ‘सरासरी मुक्त पथ’, म्हणजे उष्णता नेणारी अणूंच्या कंपनांची लाट न धडकता सरासरी जेवढं अंतर जाते ते, काचेला लावू का?

सागरमाळ : लावून बघा, तिथंच मजा आहे. वाहकता = एक तृतीयांश × घनमीटरमागची उष्माधारकता × ध्वनीचा वेग × मुक्त पथ. फ्यूज्ड सिलिकासाठी खोलीच्या तापमानाला वाहकता १.३८ वॅट प्रति मीटर-केल्विन, उष्माधारकता साधारण १६ लाख ज्यूल, वेग ४१०० मीटर प्रति सेकंद. मुक्त पथ येतो ६ अँगस्ट्रॉमच्या आसपास, म्हणजे जेमतेम चार बंध. एवढ्यात लाट धड एक लाटही होत नाही, ती ‘वाहते’ कसली! भौतिकशास्त्रज्ञ चार्ल्स किटेलनं १९४९ साली हा मुद्दा मांडला. १९९३ मध्ये ॲलन आणि फेल्डमन यांनी दाखवलं की बहुतेक कंपनं प्रवास न करताच ऊर्जा शेजारच्या कंपनांकडे सोपवतात. माझ्या मते इथं ‘झिरपते’ लिहावं. क्वार्ट्झमध्ये ‘वाहते’ शोभतं: स्फटिकाच्या मुख्य अक्षाच्या दिशेनं वाहकता १० ते ११, आडवी ६ ते ६.५.

तापमान वाढलं की क्वार्ट्झची वाहकता उतरते, कारण लाटा एकमेकींना जास्त धडकतात. काचेत पथ आधीच किमान, तो आणखी काय घटणार? उष्माधारकता वाढते म्हणून वाहकता हळूहळू चढते. ही उलट चाल टिपणात हवीच.

शिरोली एमआयडीसी : लीच्या चकतीवर (पितळी चकत्यांमध्ये नमुना ठेवून वाहकता मोजायचं उपकरण) मोजणार असाल तर एक सांभाळा. ३ मिमी काचेचा रोध ०.००३ चौरस मीटर-केल्विन प्रति वॅट. काच आणि पितळ यांच्यात ०.१ मिमी हवा राहिली की तिचा एकटीचा जवळपास ०.००४. पोरं काच मोजतायत असं समजून हवाच मोजतात आणि वाहकता निम्म्याहून कमी येते. दोन्ही बाजूंना थर्मल ग्रीसचा पातळ थर द्या, तोही बुडबुडे न ठेवता.

राजारामपुरी : शीर्षक बदललं: ‘अस्फटिकी घनपदार्थांतील उष्णतावहन’. ‘झिरपणे’ मजकुरात घेतो. शीर्षकात घेतलं तर गळक्या छपराचं टिपण वाटेल.