आधी चामडं बघा, मग हात

दिमडीचा (एका बाजूला चामडं मढवलेलं, हातात धरून बोटांनी वाजवायचं छोटं वाद्य) आवाज ‘ठप्प’ का येतो, असा प्रश्न आलाय. हात कच्चा म्हणून, असं वर दोघांनी लिहिलंय. अर्धंच पटलं. बोट चामड्यावर दाबून राहिलं तर नाद मरतो हे खरंच. कडेजवळ टिचकीसारखं मारून लगेच उचलायचं. पण प्रश्नकर्ते इंदूरचे आहेत आणि सध्या श्रावण चालू आहे, हे कुणीच धरलेलं नाही. बकरीचं चामडं दमट हवेत ओल धरतं आणि सैल पडतं, मग वाजवणारा कितीही तयारीचा असो. ऊन असेल तर थोडा वेळ उन्हात ठेवा, नसेल तर हेअर ड्रायर लांबून फिरवा. गॅसवर मात्र धरू नका, कडेला तडकतं.

मे महिन्यात इंदूरकडे नेमकं उलटं होतं. कोरड्या हवेत चामडं इतकं ताणतं की घुमारा जातो, नुसती टणटण उरते. तेव्हा आतल्या बाजूला दोन-चार थेंब पाणी बोटाने पसरवून जरा थांबायचं. दक्षिणेतले खंजिरावादक (खंजिरा म्हणजे दिमडीसारखंच तिकडचं वाद्य) मैफलीतसुद्धा हेच करतात. चामड्याऐवजी प्लास्टिकची पुडी (वाजवायचा ताणलेला पडदा) असेल तर ही कटकट नाही, पण तो घुमाराही नाही.