शेपूट हलतेय म्हणजे खूश? कुत्र्यांना वाचताना झालेल्या चुका

गेल्या महिन्यात पुण्यात तळजाई टेकडीवर एक ओळखीचा कुत्रा शेपूट हलवत उभा होता. नेहमीसारखा वाकून डोक्यावरून हात फिरवायला गेलो आणि मनगटात दात रुतले. साबण लावून १५ मिनिटं नळाखाली हात धरला, इंजेक्शनं सुरू झाली. मग आठवत बसलो. शेपूट हलत होती खरी, पण ताठ उभी, टोकाशीच थरथरणारी. अंग लाकडासारखं, तोंड घट्ट मिटलेलं आणि पायाशी पावाचा तुकडा. मी फक्त शेपूट पाहिली.

तुमचं काय काय वाचायचं राहून गेलं? लिहा. (भटकी कुत्री असावीत की नसावीत हा वाद कृपया इथे नको, तो सोसायटीच्या ग्रुपवर रोज चालूच असतो.)

टेकडीवाली
२००७ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी ३० कुत्र्यांच्या शेपट्यांची हालचाल मोजली होती. मालक दिसला की शेपूट कुत्र्याच्या उजव्या अंगाला जास्त झुकायची, अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डाव्या. तेव्हापासून वेताळ टेकडीवर मी शेपट्याच बघत असते. अजून एकदाही धड ओळखता आलेलं नाही.

पेठेतली
गणपतीआधी ढोलांचा सराव सुरू झाला की आमची मोती जांभयांवर जांभया द्यायची. आई म्हणे, "लोळून लोळून कंटाळलीय मेली." खायला काही नसताना ओठही चाटायची. घाबरलीय, हे डॉक्टरांनी सांगितल्यावर कळलं. आता विसर्जनाच्या दिवशी आतल्या खोलीत, पंखा फुल, दार लोटलेलं.

धायरीकर
आमच्याकडे एक फोटो फ्रेम करून लावला होता. तीन वर्षांची लेक, तिचे दोन्ही हात शेरूच्या गळ्यात. येणारा-जाणारा "किती गोड!" म्हणायचा. त्यात शेरूने मान पलीकडे वळवलीय, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, कान मागे चिकटलेत. कुणालाच दिसलं नाही. पुढे लेक जवळ गेली की तो गुरगुरायला लागला. मी दर वेळी दटावायचो, एकदा पेपरची गुंडाळीही हाणली. गुरगुरणं बंद! मला वाटलं, सुधारला. पंधरवड्यात लेकीच्या गालाला दात लागले. थोडक्यात निभावलं. बायको म्हणाली, "आधी गुरगुरलासुद्धा नाही रे!" कसा गुरगुरेल? तेवढं एक सांगणं होतं त्याच्याकडे, तेही मी मारून बंद केलेलं. फ्रेम अजून भिंतीवर आहे. बायको काढू देत नाही.

रातपाळी, पौड रोड
मागे लागले की मी स्कूटर हळू करून थांबवतो. पळणारं काही उरलं नाही की त्यांचाच पोपट होतो.

औंधकर
आमच्या वॉचमनकाकांवर एक पिल्लू 'चालून' यायचं. पुढचे पाय जमिनीला टेकलेले, बूड वर. काका काठी उगारायचे. म्हटलं, "काका, खेळायला बोलावतंय ते." काकांनी काठी खाली ठेवली. आता ते काठीच पळवतं.