पूर, भूकंप, लॉकडाऊन... तेव्हा तुम्ही काय करत होतात?

कृष्णाकाठची
कालपासून घरच्या ग्रुपवर परत तेच. कोयनेतून किती सोडलं? आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी किती झालं? सांगलीकरांना फोड करून सांगायला नको. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये 57 च्याही वर. तेव्हा आमचं घर गावभागात, आम्ही विश्रामबागेत मावशीकडे. आई देवासमोरून उठेना. बाबांचं एकच पालुपद, "2005 ला पाणी इथवरच आलं होतं." मी दर पाच मिनिटांनी फोन बघतेय. शेवटी मावशी म्हणाली, "ऊठ गं, शाळेत पूरग्रस्तांच्या पोळ्यांना पोळपाट-लाटणी कमी पडतायत, घेऊन जाऊ."
वर्गातली बाकं भिंतीला लावलेली, सतरंजीवर दोन रांगा. शेजारच्या काकूंचंही घर पाण्यात. कोण कुणाला काही विचारत नव्हतं. लाटायची, पलीकडे टाकायची, दहा-दहाची चळत, वर्तमानपत्रात गुंडाळून पोत्यात. संध्याकाळी पाठ धरली तेव्हा ध्यानात आलं, दुपारपासून आयर्विनचा आकडाच बघितला नाही.
तुमचंही लिहा. भांडी घासायची राहिलीत, रात्री येऊन वाचते.

शिरोळकर
माणसांची सोय झाली हो, म्हशींचं काय? माळावर दावणी टाकलेल्या, कुणाची कुठली कळंना. मी उसाचे वाढे टाकायला होतो. मालक जवळ नसला तरी धार काढावीच लागती, नाहीतर कास दगडासारखी हुती. मग दिसंल त्या म्हशीखाली बसलो. एकीनं लाथ घातली, गुडघा अजून पावसाळ्यात बोलतोय. दूध छावणीतल्या पोरांना. ब्रह्मनाळला पुरातल्या माणसांना आणणारी बोट उलटल्याची बातमी त्याच दिवशी आली. त्यानंतर कुणी बोललंच नाही, नुसता चरवीत धारेचा आवाज.

अर्धवट_पुणेकर
मला भडंगाच्या पुड्या बांधायला बसवलं होतं. मुकादम काकांनी तासाभरात हाकललं, पुड्यांपेक्षा पोटात जास्त जातंय म्हणून 😄

कृष्णाकाठची
@अर्धवट_पुणेकर तू पुण्याचा नाहीसच मग!

वाशिष्ठी
चिपळूण, 22 जुलै 2021. मी मदत करणाऱ्यांत नव्हते, घेणाऱ्यांत होते. पाणी उतरलं आणि घरात चिखल. तो ओला आहे तोवर काढावा लागतो, वाळला की खरवडूनही निघत नाही. गुहागरकडची मुलं फावडी, घमेली घेऊन आली. नाव विचारलं तर म्हणाली, काकी आधी कपाट धरा. आमचं घर झाल्यावर मीही त्यांच्याबरोबर पुढच्या आळीत गेले. घरी बसून भिजलेला संसार बघत बसण्यापेक्षा दुसऱ्याचा चिखल काढणं सोपं होतं. का ते विचारू नका.

गोळी_औषध
जरा उलटा सूर लावतो. मला काही शांत-बिंत वाटलं नाही. डॉक्सीसायक्लिन वाटत होतो, लेप्टोची (पुराच्या पाण्यातून होणाऱ्या तापाची) भीती म्हणून. तेवढ्यात गाड्या भरभरून जुने कपडे यायचे, फाटक्या साड्या, एका पोत्यात तर लग्नातला सूट. ज्या बाईला पॅड हवेत तिला आम्ही सूट देणार? एका साहेबांनी बिस्किटाचा तोच पुडा चार जणांच्या हातात देऊन फोटो काढले. घरी आल्यावर महिनाभर झोप लागत नव्हती. काम केलं, परत करीन. पण मनःशांतीसाठी जाणार असाल तर आधी कपडे निवडायला बसा.

वाशिष्ठी
@गोळी_औषध सूटचं अगदी अगदी. आमच्याकडे शेरवानी आली होती.

जुना_लातूरकर
तुम्ही सगळे लहान असाल. 30 सप्टेंबर 1993. विसर्जनाची रात्र, सगळे दमून झोपलेले, पहाटे चारच्या सुमाराला हादरलं. आम्ही कॉलेजची पोरं. माझं अक्षर बरं म्हणून दवाखान्याच्या दारात वही घेऊन बसवलं. गाडीतून उतरवलेल्याचं नाव, गाव, वॉर्ड. नातेवाईक आले की वहीत बघून सांगायचं. किल्लारी, सास्तूर, किल्लारी, किल्लारी. हात थरथरत होता, पण अक्षर वाचता आलं पाहिजे म्हणून सावकाश लिहायचो. सावकाश लिहिता लिहिता हात थांबला. अजून काही बिनसलं की वही काढतो, किराण्याची यादी का होईना. बायको हसते.

टिफिनवाली_लेस्टर
2020. इथे इंग्लंडात लॉकडाऊनमध्ये अडकलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना डबे देत होते. दार वाजवायचं आणि दोन मीटर मागे सरायचं. एक नांदेडचा मुलगा रोज खिडकीतून ओरडायचा, "काकू, तिखट कमी पडलं!" तिकडे भारतात माझी आई एकटी, विमानं बंद. त्याच्या तिखटाची काळजी करण्यात माझा दिवस जायचा. बाकी नंतर लिहिते, मीटिंग आहे.

शिरोळकर
@टिफिनवाली_लेस्टर खर्डा द्यायचा की त्याला

सोलापुरी_शेंगा
आम्ही सांगलीला कडक भाकऱ्या पाठवल्या होत्या, पोती भरून. शेंगाचटणीसकट.

कृष्णाकाठची
अगं त्या तुमच्या होत्या?? आमच्या रांगेत भांडणं झाली त्यावरून! किती दिवस टिकतात खऱ्या?

सोलापुरी_शेंगा
पाणी लागलं नाही तर महिनाभर सहज. पातळ थापायची, तव्यावरून काढून चुलीच्या कडेला उभी करून ठेवायची. गॅसवाल्यांनी मंद आचेवर.

अर्धवट_पुणेकर
पत्ता पाठवू का