घरच्यांशिवाय, निसर्गशिबिराला : शाळकरी दिवसांतले अनुभव लिहा

गोवा एवढंसं राज्य. सकाळी पेडण्याहून निघालेला माणूस दुपारी जेवायला काणकोणात पोचतो. तरी इथल्या बहुतेक मुलांचा प्रवास म्हणजे घर, शाळा, ट्यूशन आणि लग्नकार्यं. बस बदलून एकट्याने दुसऱ्या तालुक्यात जायचं म्हटलं की घरात बैठक बसते. म्हणून हा धागा.

शाळेत किंवा अकरावी-बारावीत असताना घरच्यांशिवाय निसर्गशिबिराला, पक्षिगणनेला, पदयात्रेला, कासवांच्या राखणीला गेला असाल तर लिहा. हिरवागार निसर्ग आणि सोनेरी सूर्योदय सगळ्यांना पाठ आहे, तो वगळा. परवानगी कशी मिळाली, बस कुठली पकडली, तिथे हातांनी काय काम केलं, ते लिहा. पालकांनीही लिहा.

*

डिचोली, सध्या बारावीत

नववीत आमच्या इको क्लबमधून दोघींची नावं मोरजीच्या कासव शिबिराला गेली होती. दुसरीला ऐन वेळी ताप आला. बाईंनी विचारलं, "एकटी जाशील?" मी लगेच हो म्हटलं. घरी सांगायला मात्र बाबा येईपर्यंत थांबले. आईला रात्रीच्या किनाऱ्याची काळजी नव्हती. "मोरजी? थंय सगळे रशियन आसतात न्हय गो?" एवढीच तिची शंका. बाबा म्हणाले, "असू देत, कासवंही बाहेरूनच येतात." झाली परवानगी.

डिचोलीहून म्हापसा, म्हापशाहून मोरजी. म्हापशाचा स्टँड मी तोवर आईचा हात धरूनच पाहिला होता. त्यात शुक्रवार, म्हणजे बाजाराचा दिवस. बसमध्ये कंडक्टर "फुडें वच, फुडें वच" ओरडत होता आणि पुढे एका मावशीच्या केळ्यांच्या घडांनी वाट अडवलेली.

कामाचं सांगायचं तर बहुतेक वेळ चालणं. वनखात्याच्या राखणदारांबरोबर किनाऱ्यावरून जायचं, टॉर्चला लाल कागद लावायचा, वाळूत माग दिसला तरी ओरडायचं नाही. कुंपणातल्या प्रत्येक घरट्यापाशी तारखेची पाटी असते. तिथून साधारण ४५ ते ६० दिवस मोजायचे, मग पिल्लं वर येतात. वाळू जास्त तापली की माद्या जास्त निघतात, हे मला तिथे कळलं. किनाऱ्यावरच्या शॅकचे, म्हणजे झोपडीवजा हॉटेलांचे, दिवे का झाकायला सांगतात तेही कळलं. पिल्लू उजेडाकडे धावतं आणि चुकीचा उजेड दिसला की समुद्राकडे पाठ करून चालू लागतं.

एका रात्री मादी आली. ऑलिव्ह रिडले शंभराच्या आसपास अंडी घालते हे पुस्तकात होतं. खड्डा कसा काढते ते नव्हतं. मागचं एक वल्हं, म्हणजे पाय, वाकवून ती आतली वाळू उचलते, त्याच वेळी दुसरं काठावरची वाळू झटकून टाकतं. मग पाळी बदलते. मागे न बघता, कुठेही घाई न करता हे चालतं. अंडी घालून झाल्यावर खड्डा बुजवते आणि अख्खं अंग डावी-उजवीकडे आपटून वाळू ठोकून घेते. ते धप्पधप्प बऱ्याच अंतरावरून ऐकू येतं.

परत आल्यावर प्रार्थनेच्या वेळी मला बोलायला उभं केलं, इंग्रजीत. चार वाक्यांत संपवलं. मधल्या सुट्टीत मैत्रिणींना कोंकणीतून सांगितलं, तो खरा वृत्तांत.

*

वरच्यांना पुस्ती, काणकोणहून

आमच्याकडे गालजीबाग आणि आगोंदलाही कासवं येतात, मोरजीचंच नाव घेऊ नका! लाल कागद म्हणजे दुकानात मिळतो तो जिलेटीन कागद, दुहेरी घडी घालून. पतंगाचा कागद दवाने विरघळतो आणि हात लाल होतात.

*

रायबंदर, नोकरी पणजीत

माझी मोहीम फेरीबोटीत बसून पलीकडे जाण्याची. दहावीच्या वर्षी चोडणच्या सलीम अली अभयारण्यात पक्षिगणनेला नाव दिलं, मुख्य कारण गणिताच्या जादा तासांतून सुटका. अभयारण्य जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचं, सगळी खारफुटी. माझ्याकडे दुर्बीण नव्हती, म्हणून मला वहीत रेघा मारायला बसवलं. खंड्या दिसला की एक रेघ.

गणना आटपल्यावर मी एकटाच बांधावरून चालत गेलो आणि मानशीपाशी बसलो. मानस म्हणजे खाजनाच्या, नदीकाठच्या सखल शेतीच्या, बांधात बसवलेली लाकडी दारं. भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच रेट्याने ती मिटतात, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. कुणी हात लावावा लागत नाही. खारं पाणी शेतात घुसत नाही, पावसाचं पाणी बाहेर पडतं. मी नेमका ओहोटी लागताना तिथे होतो. बराच वेळ काहीच नाही, मग दाराच्या फटीतून एक बारीक धार, मग एकदम दार करकरलं आणि पाण्याबरोबर मासे सुटले.

तिथे एक म्हातारे शेतकरी होते. आम्हांला सकाळी खारफुटीचं महत्त्व सांगितलेलं, ते मी त्यांना उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, "नदीकडेला बरी. माझ्या शेतांत उगवली म्हणजे बांध फुटलो आनी कोणें पळयलो ना." बांध राखला नाही की खारं पाणी आत येतं, कोरगुटाची, म्हणजे खाजनातल्या भाताची, शेती जाते, मागोमाग खारफुटी. त्यांच्या बाजूचे कितीतरी तुकडे तसे झाले होते. शिबिरातल्या वहीत यासाठी रकाना नव्हता. मी मागच्या पानावर लिहून ठेवलं.

*

मडगाव, एक बाप

मुलगा आठवीत असताना मोले अभयारण्यातल्या शिबिराला एकटा गेला. वास्को-कुळें पॅसेंजर गाडीत बसवून दिलं. कुळेंला शिबिराचे लोक घ्यायला येणार होते. "पोचलो की फोन कर." त्याने मान हलवली. मोलेच्या रानात रेंज नसते हे त्याला ठाऊक होतं, मला नव्हतं! दिवसभर ऑफिसात माझं लक्ष नव्हतं. शेवटी रात्री कुठल्या तरी हॉटेलच्या नंबरावरून फोन. "बाबा, आम्ही चापडा बघितला." बरं, पोचलास का, जेवलास का, काही नाही. चापडा म्हणजे विषारी साप, हे बायकोनेच मला फोन ठेवल्यावर सांगितलं.

पुढे २०२० साली मोलेतल्या रेल्वे दुपदरीकरणावरून, वीजवाहिनीवरून राज्यभर मुलं रस्त्यावर आली, त्यात हाही होता. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी रद्द केली, त्या रात्री घरात पेढे. मी रेल्वेने रोज जाणारा माणूस, मला दुसरा रूळ हवाच होता. आमचा वाद अजून मिटलेला नाही. पेढे मात्र मी खाल्ले.

*

फोंडा, निवृत्त

आमच्या वेळी शिबिरं नव्हती. १९८७च्या मेमध्ये गोवा घटकराज्य झालं आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला पश्चिम घाट बचाव पदयात्रा निघाली. एक तुकडी कन्याकुमारीहून, दुसरी नवापूरहून. दोन्हींनी चालत चालत गोव्यात, आमच्या फोंड्याजवळ रामनाथीला एकत्र यायचं. फेब्रुवारी १९८८ मध्ये त्या आल्या. मी अकरावीत. वर्तमानपत्रात बातमी वाचली आणि ठरवलं की उत्तरेची तुकडी जवळ आली की तिच्यात शिरायचं.

वडील किराणा दुकानदार. त्यांना सांगितलं, पायी जायचंय. ते म्हणाले, "वारीला?" मी म्हटलं, साधारण तसंच. टाळ कुठे, असं त्यांनी विचारलं नाही, हे माझं नशीब. आईने पिशवीत पोहे, गूळ आणि जुनी चादर घातली. फोन दुकानात होता, पण मी तो कुठून करणार? गावोगावी फोन कुठे होते?

चालण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. टाचांना फोड आले, पुढे ते सुकले. मुक्काम शाळेच्या व्हरांड्यात नाहीतर देवळात. गावातल्या बायका भात आणि कुळथाची पिठी करायच्या. लक्षात राहिल्या त्या रात्रीच्या बैठका. यात्रेत शिकलेसवरलेले लोक होते, शास्त्रज्ञ, कार्यकर्ते. ते जंगलतोड, धरणं, खाणी यांवर बोलायचे. एका गावात एक बाई उभी राहिली आणि म्हणाली, जंगल राखा हे आम्हांला पटतं, पण उद्या सकाळी चूल कशावर पेटवू ते आधी सांगा. बैठकीत कुणी लगेच उत्तर दिलं नाही. मग एकाने वही काढली आणि तिलाच विचारू लागला. तुम्हांला रोज किती लाकूड लागतं, कुठून आणता, पूर्वी कुठून आणायचात, किती लांब जावं लागतं. ती सांगत गेली. तासभर तरी. मी शहाणी माणसं गप्प बसून लिहून घेताना पहिल्यांदा पाहिली. शाळेत उलटंच असायचं.

रामनाथीला दोन्ही तुकड्या भेटल्या तेव्हा वडील दुकान बंद करून आले होते. गर्दीत मला शोधून काढलं, पायांकडे बघितलं आणि म्हणाले, "चल, आधी घरी जाऊन आंघोळ कर." कॉलेजात माझी हजेरी कमी भरली म्हणून पत्र आलं, त्याला उत्तरही त्यांनीच लिहिलं. काय लिहिलं ते आजवर कळलं नाही.

*

सत्तरी, वाळपईच्या वरच्या अंगाला. आता एम.एस्सी. करते

आमच्या गावात शिबिराला पणजी-म्हापशाची मुलं येतात. देवराईत जायफळाच्या जातीची झाडं पाण्यात उभी असतात, त्यांची मुळं गुडघा मोडल्यासारखी चिखलातून वर येतात, ती बघायला. मी लहानपणी तिथे गुरं शोधत फिरले आहे. शिबिरातल्या मुलांनी माझा फोटो काढला, 'स्थानिक मुलगी' म्हणून. राग आला नाही, हसू आलं. पण एक ठरलं, आता आपण दुसऱ्याच्या गावात जाऊन असंच डोळे फाडून बघायचं.

अकरावीची परीक्षा झाल्यावर यूथ हॉस्टेल संघटनेच्या, हिमाचलमधल्या सार पास खिंडीच्या मोहिमेला नाव घातलं. पैसे काजूच्या बियांचे. त्या मोसमात मी आणि आजीने बागायतीत वेचलेल्या बियांतला माझा वाटा. बाबा मडगावला गोवा एक्स्प्रेसमध्ये बसवायला आले आणि समोरच्या बाकावरच्या सरदारजींना कोंकणीत सांगून गेले, हिच्यार नदर दवरा, म्हणजे हिच्यावर लक्ष ठेवा. ते सरदारजी निजामुद्दीनपर्यंत मला दर जेवणाला पराठा देत होते, म्हणजे भाषा पोचली.

कसोलच्या तळावर तंबूत सगळ्यांनी विचारलं, गोव्याची? मग रोज बीचवर? आमच्या घरून कळंगुटपेक्षा कर्नाटकाची हद्द जवळ. मी समुद्र वर्षातून एकदा बघते, तोही मावशीच्या घरी गेले तर. बर्फ पहिल्यांदा पाहिला, वगैरे झालं. वर जाताना दिलेल्या पिशवीत वाटेतला कचरा गोळा करून खाली आणायचा, हे आमचं काम. सगळ्यात जास्त चॉकलेटचे कागद आणि प्लास्टिकच्या बाटल्या. निसर्गप्रेमींचाच कचरा, दुसरं तिथे जातं कोण!

पण मला सांगायचंय ते वेगळं. एका मुक्कामाजवळ मेंढपाळ उतरले होते. गद्दी म्हणतात त्यांना, उन्हाळ्यात कळप घेऊन वर चढतात. बाकीचे फोटो काढत होते. मी विचारलं, बिबट्या नेतो का मेंढ्या? म्हातारा माझ्याकडे बघतच राहिला, मग सांगू लागला. किती नेल्या, भरपाईसाठी कुणाकडे अर्ज केला, मेलेल्या जनावराचा पुरावा कसा मागतात, डोंगरावरून खाली येईपर्यंत पुरावा कसा उरत नाही. माझी हिंदी मोडकी, त्याची त्याहून वेगळी. तरी एकेक शब्द कळत होता, कारण हे सगळं मी घरी ऐकलेलं.

२०२० च्या जानेवारीत आमच्या तालुक्यात, गोळावलीला, म्हादई अभयारण्यात चार वाघ मेलेले सापडले. वाघीण आणि तिची पिल्लं. विषबाधा. वाघाने गुरं मारली होती. देशभर बातम्या आल्या. आमच्या घरात त्या रात्री जे बोलणं झालं ते कुठल्याच बातमीत नव्हतं. आजी वाघाला देव मानते, सत्तरीत ठिकठिकाणी वाघरो पुजतात. तीच आजी म्हणाली, दुधाची म्हस गेली त्या घरान किदें करचें? एका वाक्यात दोन्ही. जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने म्हादई आणि आसपासचं रान व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करा असा आदेश दिला. पणजीत राहणाऱ्या माझ्या मित्रांना तो साधा आनंदाचा विषय वाटतो. मलाही वाघ हवा आहे. मात्र भरपाईचा अर्ज एका पानाचा असावा आणि महिन्यात पैसे यावेत, ही माझी पहिली मागणी. ती मी त्या गद्दी म्हाताऱ्यापाशी बसून शिकले, अभयारण्याच्या दारात राहून नव्हे. सध्या माझा प्रबंध त्याच विषयावर चालू आहे.

*

केपे, शिक्षिका

वरचे सगळे अनुभव वाचले. मी स्वतः कधी गेले नाही. आमच्या घरात बोंडला अभयारण्यातल्या शिबिराला भाऊ गेला. त्याचा फॉर्म मी भरला, माझं अक्षर चांगलं म्हणून.

आता दर वर्षी शाळेतून मुलांची नावं पाठवायची असतात. मुलगे हात वर करतात, मुली खाली बघतात. वर्गात विचारून उपयोग नाही हे कळल्यावर मी घरी जायला लागले, संध्याकाळी, चहाच्या वेळेला. वडील म्हणतात, बघूया. 'बघूया' म्हणजे नाही, हे त्या मुलीलाही कळतं. मग मी कोण बरोबर असणार, झोपायची सोय कुठे, परतीची कदंबा बस किती वाजता, कंडक्टर कुठला, हे सगळं सांगते. कंडक्टर ओळखीचा निघाला तर निम्मं काम होतं. आई तोवर दारात उभी असते, काही बोलत नाही. निघताना मी फॉर्म तिच्या हातात देते आणि सांगते, खाली 'पालकाची सही' लिहिलंय तिथे आईची चालते. गेल्या वेळी पाचपैकी तीन फॉर्म आयांच्या सहीने आले. एकीने अंगठा लावला होता, तोही घेतला.